ओळ कोठे संपते?

जुन्या हस्तलिखित पोथीचे एखादे पान न्याहाळले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. लेखनिक डाव्या समासापासून आरंभ करतो, उजव्या समासापर्यंत अक्षरे मांडीत जातो, आणि तेथे जागा संपली की खालच्या ओळीवर येतो. त्या ठिकाणी एखादा शब्द मध्येच तुटला तरी त्याची त्यास खंत नसते. चरण संपला किंवा श्लोक पुरा झाला हे सांगावयाचे असेल तर त्यासाठी एक दंड वा दोन दंड आहेत, आणि ते ओळीच्या मध्यभागीही खुशाल येतात. म्हणजे पोथीतील ओळीचा शेवट हा कागदाचा शेवट होय, अर्थाचा नव्हे. अर्थाचा शेवट दाखविण्याकरिता लेखनिकाने डोळ्यांस दिसणारे निराळे चिन्ह योजलेले असते.

संगणकाच्या बाबतीत ही व्यवस्था अगदी उलट झाली आहे. तेथे ओळीचा शेवट हेच एक चिन्ह आहे. 'अ' किंवा 'क' या अक्षरांस जसा संकेतांक असतो तसा त्यासही असतो. ते फाइलमध्ये जागा व्यापते, मोजले जाते, तारेवरून पाठविले जाते, आणि तरीही ते डोळ्यांस दिसत नाही. याहून नवलाची गोष्ट अशी की, हे चिन्ह नेमके कोणते असावे याविषयी संगणकांच्या निर्मात्यांत गेली साठ वर्षे एकवाक्यता झालेली नाही. एका कार्यप्रणालीत ते एक चिन्ह आहे, दुसरीत दोन चिन्हांची जोडी आहे, तिसरीत एकच असले तरी ते पहिलीतील चिन्ह नव्हते. हा मतभेद क्षुल्लक आहे असे पुष्कळांस वाटते. तो तसा नाही. आणि तो मिटविण्याचा भार संगणक वापरणाऱ्या सामान्य माणसावर टाकण्याची जी रीत पडून गेली आहे तिचे समर्थन करणे कठीण आहे.

या तंट्याचे मूळ संगणकात नाही, ते त्याच्या आधीच्या यंत्रांत आहे. न्यायालयाच्या आवारात झाडाखाली बसून अर्ज टंकून देणारा मनुष्य ज्यांनी पाहिला असेल त्यांस टंकलेखन यंत्राच्या डाव्या बाजूची दांडी आठवेल. (असे भारतीय बनावटीचे यंत्र मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ साली काढले.) ओळ संपत आली की घंटी वाजे, मग टंकलेखक ती दांडी उजवीकडे लोटी. त्या एका हिसक्याने दोन कामे होत. कागद एका ओळीने वर सरके, आणि कागद धरणारा गाडा मूळ जागी परत येई. हात एक, हिसका एक; परंतु हालचाली दोन. टंकलेखकास त्यांचा वेगळा विचार करण्याचे कधी कारण पडले नाही. तारयंत्रे बनविणाऱ्यांस मात्र तो करावा लागला.

फ्रान्समधील एमिल बोदो याने १८७४ साली आपल्या तारयंत्राचे एकस्व घेतले. त्याच्या पद्धतीत प्रत्येक अक्षर पाच विद्युत्-संकेतांच्या जुळणीने दर्शविले जाई, आणि अशा जुळण्या एकंदर ३२ होतात. त्या काळच्या बहुतेक यंत्रांत मजकूर कागदाच्या अरुंद पट्टीवर छापला जाई. पट्टीला ओळी नसतात. ती कापून तारेच्या कागदावर एकाखाली एक चिकटविली म्हणजे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूझीलंडच्या डोनल्ड मरे याने टंकलेखन यंत्रासारखा कळफलक आणि पानावर छापणारे यंत्र यांस सोयीचा असा सुधारित संकेत बसविला, तेव्हा प्रथमच दूरच्या यंत्रास 'आता नवी ओळ सुरू कर' असे तारेवरून सांगण्याची गरज उत्पन्न झाली. दूरच्या यंत्राजवळ हात नव्हता. म्हणून मोजक्या जुळण्यांपैकी दोन जुळण्या अक्षरांसाठी न वापरता आज्ञांसाठी राखून ठेवाव्या लागल्या: एक 'कॅरेज रिटर्न', म्हणजे छापणारा भाग ओळीच्या आरंभी परत ने, आणि दुसरी 'लाइन फीड', म्हणजे कागद एका ओळीने वर सरकव.

दोन आज्ञा कशाला, एकीनेच दोन्ही कामे का करून घेतली नाहीत, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारणारे बहुधा जुन्या यंत्रज्ञांस अडाणी ठरवून मोकळे होतात. ते योग्य नाही. दोन आज्ञा निराळ्या असण्यात सोय होती. कागद न सरकविता नुसते मागे आले तर छापलेल्या शब्दांखाली रेघ ओढता येई, किंवा तीच अक्षरे पुन्हा छापून ती ठळक करता येत. उलटपक्षी मागे न येता नुसता कागद सरकविता येई. आणि सर्वांत महत्त्वाचे कारण वेळेचे होते. १९६३ साली अमेरिकेत निघालेले 'टेलिटाइप मॉडेल ३३' हे यंत्र सेकंदास १० अक्षरे छापी. त्याची ओळ ७२ अक्षरांची होती. ओळीच्या उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत मुद्रणशीर्ष परत येण्यास एका अक्षराच्या अवधीपेक्षा, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा, अधिक वेळ लागे. तेवढ्यात पुढचे अक्षर येऊन धडकले तर ते वाटेतच कोठेतरी फराटा मारल्यासारखे उमटे. यास्तव परतीची आज्ञा आधी आणि कागद सरकविण्याची आज्ञा मागून असा क्रम ठरला: कागद सरकत असताना शीर्षास घरी पोहोचण्यास उसंत मिळे. काही ठिकाणी तेवढाही अवधी पुरेसा होत नसे. तेव्हा या दोहोंच्या मागोमाग काहीच न छापणारी एक-दोन निरर्थक चिन्हेही पाठवीत. लोखंडाच्या तुकड्याच्या जडत्वासाठी लिपीत पाळलेला हा विराम होय.

भारतातही या यंत्रांचा काळ मोठा होता. मद्रास येथे १९६० साली हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स ही सरकारी कंपनी याच कामासाठी स्थापन झाली, आणि देशाची तारसेवा जुलै २०१३ पर्यंत चालू होती. यंत्रे गेली, तार गेली. त्या दोन आज्ञा मात्र राहिल्या.

त्या कशा राहिल्या हे पाहण्यासारखे आहे. १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' नावाची प्रमाणित संकेतावली प्रसिद्ध झाली. तीत १२८ स्थाने आहेत. त्यांपैकी १० वे स्थान लाइन फीडला आणि १३ वे कॅरेज रिटर्नला मिळाले. संगणकाच्या फाइलमध्ये ओळीचा शेवट कसा लिहावा याबाबत मात्र प्रमाण ठरविणाऱ्यांतच दोन मते होती. १९६३ ते १९६८ या काळात अमेरिकन मंडळाचे मसुदे १३ व १० ही जोडीच मान्य करीत. आंतरराष्ट्रीय संघटनेचे मसुदे ती जोडी किंवा एकटा १० यांपैकी काहीही चालेल असे म्हणत. प्रमाण या शब्दाचा अर्थच मुळी एक माप असा आहे. दोन मापे मान्य करणारे प्रमाण हे प्रमाण नव्हे, तो तह होय. आणि तहाचे जे होते तेच याचेही झाले.

त्याच सुमारास, १९६४ नंतर, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून 'मल्टिक्स' नावाची कार्यप्रणाली तयार करण्यास आरंभ केला. तिच्या कर्त्यांनी या प्रश्नाचा जो विचार केला तो या सबंध इतिहासातील सर्वांत स्वच्छ विचार आहे. मजकूर म्हणजे यंत्रास दिलेली आज्ञा नव्हे, हे त्यांनी ओळखले. फाइलमध्ये ओळ संपली एवढीच वस्तुस्थिती नमूद व्हावी आणि ती एका चिन्हाने व्हावी. त्या चिन्हासाठी त्यांनी १० क्रमांक घेतला. मग ती फाइल एखाद्या टेलिटाइपवर छापावयाची असेल तर त्या यंत्रास परतीची आज्ञा हवी की नको, उसंतीची निरर्थक चिन्हे किती हवीत, हे सर्व त्या यंत्राशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रामने पाहावे. म्हणजे यंत्राची खोड यंत्राच्या दाराशीच थांबली. ती मजकुरात शिरली नाही. बेल प्रयोगशाळेने १९६९ साली मल्टिक्समधून अंग काढून घेतले. त्याच वर्षी तेथील केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सला आरंभ केला, आणि १० क्रमांकाची ही रीत त्यांनी सोबत नेली. युनिक्सपासून ती लिनक्समध्ये व पुढे अँड्रॉइडच्या भ्रमणध्वनीत आली.

दुसरी शाखा वेगळ्या वाटेने गेली. गॅरी किल्डॉल याने १९७४ साली लहान संगणकांसाठी 'सीपी/एम' ही कार्यप्रणाली रचली. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या यंत्रांवरील रिवाजास अनुसरून त्याने फाइलमध्ये १३ व १० ही जोडी तशीच ठेवली. लहानशा यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीत भाषांतर करणारा मध्यस्थ कशास हवा. फाइलमधले बाइट जसेच्या तसे मुद्रकाकडे पाठविले की काम झाले. तो निर्णय त्या यंत्रापुरता समंजस होता. टिम पॅटर्सन याच्या १९८० च्या प्रणालीने सीपी/एमचे अनुकरण केले, ती प्रणाली घेऊन १९८१ साली एमएस-डॉस निघाली, डॉसचा वारसा विंडोजने घेतला, आणि अशा रीतीने टेलिटाइपच्या शीर्षाची ती उसंत कोट्यवधी टेबलांवर जाऊन बसली. त्या टेबलांवर परत नेण्याजोगा गाडा मुळी नव्हताच.

ॲपल कंपनीची तऱ्हा तिसरीच. तिच्या संगणकावरील 'रिटर्न' कळ दाबली असता १३ हा संकेत निर्माण होई; कळ जे देते तेच फाइलमध्ये ठेवावे अशा साध्या न्यायाने १९८४ च्या मॅकिंटॉशमध्येही ओळ १३ या एकाच चिन्हाने संपत असे. २००१ साली या कंपनीने युनिक्सवर आधारलेली नवी कार्यप्रणाली आणली तेव्हा तिने १० स्वीकारला. मधल्या सतरा वर्षांच्या फाइली मात्र १३ च्याच राहिल्या. आयबीएमच्या मोठ्या संगणकांची संकेतावली तर अगदीच निराळी. तीत परत येणे, कागद सरकविणे आणि 'नवी ओळ' यांना तीन वेगवेगळे संकेतांक होते. शिवाय त्या यंत्रांचा जन्म ८० रकान्यांच्या छिद्रित कार्डांच्या सहवासात झालेला. एक कार्ड म्हणजे एक ओळ, ८० अक्षरे झाली की ओळ संपली. शेवटाच्या चिन्हाची गरजच नाही. पोथीच्या पानाची ही यांत्रिक बहीण म्हणावयास हरकत नाही.

आता या भेदाचे परिणाम पाहावयाचे. वरवरचे परिणाम गमतीदार वाटतात. फक्त १० असलेला मजकूर जुन्या पद्धतीच्या मुद्रकाकडे तसाच गेला तर प्रत्येक ओळ मागची जेथे संपली तेथून पुढे सुरू होते आणि कागदावर जिन्याच्या पायऱ्या उमटतात. विंडोजसोबत येणारा 'नोटपॅड' हा साधा प्रोग्राम १९८५ पासून आहे. युनिक्सवर लिहिलेली फाइल त्यात उघडली की सर्व ओळी एकमेकींस चिकटून एकच लांबलचक ओळ दिसे. हा दोष २०१८ साली दूर झाला. तेहतीस वर्षे हा काळ थोडा नव्हे, विशेषतः दोष दूर करण्यासाठी फारसे बुद्धिबळ लागत नसताना.

परंतु सगळेच परिणाम इतके निरुपद्रवी नाहीत. युनिक्स घराण्यातील प्रणालीत आज्ञांची फाइल लिहिली जाते तेव्हा तिच्या पहिल्या ओळीत, ती कोणत्या प्रोग्रामने वाचावी, त्याचे नाव असते. अशी फाइल विंडोजवर लिहून आणली तर ती ओळ १३ व १० यांनी संपते. प्रणाली १० ला शेवट मानते. मागे राहिलेला १३ तिला त्या नावाचेच शेवटचे अक्षर वाटते. त्या नावाचा प्रोग्राम अर्थातच सापडत नाही, आणि 'अशी फाइल नाही' असे उत्तर येते. विद्यार्थी पाहतो तो फाइल तर समोर आहे, नावात एका अक्षराची चूक नाही. डोळ्यास दिसणारे नाव आणि यंत्रास दिसणारे नाव ही दोन निराळी झालेली असतात. संगणकशास्त्राच्या नवशिक्यांचे किती तास या एका अदृश्य १३ च्या शोधात गेले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, एका रीतीची फाइल दुसऱ्या रीतीत बदलणारे प्रोग्राम सर्वत्र मिळतात. ते चालविले की झाले, मग एवढा ऊहापोह कशास? या आक्षेपास उत्तर देणे अगत्याचे आहे, कारण खरा अनर्थ याच सोयीने केला आहे. दूरच्या संगणकावर फाइल पाठविण्याच्या 'एफटीपी' या जुन्या पद्धतीत पाठविण्याचे दोन प्रकार होते. एका प्रकारात फाइल जशीच्या तशी जाई. दुसऱ्यात ती मजकुराची आहे असे गृहीत धरून ओळींचे शेवट वाटेत आपोआप बदलले जात. एखादे चित्र चुकून दुसऱ्या प्रकाराने पाठविले तर काय होई? चित्राच्या बाइटांत १० ही संख्या ठिकठिकाणी येते. तेथे ती ओळीचा शेवट नसून एखाद्या ठिपक्याच्या रंगाचा अंश असते. बदलणाऱ्या प्रोग्रामला ते कसे कळावे? तो प्रत्येक १० च्या आधी एक १३ घुसवी आणि चित्र नासून जाई. बरे, उलट बदल करून ते दुरुस्त करावे म्हटले, तर मूळचीच १३-१० अशी जी जोडी असेल तीही मोडली जाते. मूळ कोणते आणि उपरे कोणते हे ओळखण्याची खूणच उरत नाही.

या संकटाने एक सुंदर उपायही जन्मास घातला. १९९६ साली 'पीएनजी' नावाची चित्रांची रचना ठरली. तिच्या प्रत्येक फाइलचे पहिले आठ बाइट ठराविक आहेत: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यांतील ८०, ७८ व ७१ ही रोमन लिपीतील पी, एन व जी ही अक्षरे. त्यांच्या पुढची १३-१० ही जोडी आणि शेवटचा एकटा १० हे दोन पहारेकरी होत. वाटेत कोणी जोडीचा एकटा १० केला तर पहिला पहारेकरी पडतो. एकट्या १० ची जोडी केली तर दुसरा पडतो. चित्र उघडणाऱ्या प्रोग्रामला पहिल्या आठ बाइटांतच कळते की फाइलवर हात पडला आहे. मधला २६ हाही त्याच इतिहासातला. सीपी/एममध्ये फाइलची लांबी १२८ बाइटांच्या पटीतच मोजली जाई, म्हणून मजकूर खरोखर कोठे संपला हे सांगण्यास २६ हे चिन्ह लिहीत. डॉसमध्ये चुकून असे चित्र मजकूर म्हणून पडद्यावर मागविले तर त्या २६ पाशी ते थांबे, आणि पडदा निरर्थक चिन्हांनी भरून जात नसे. एका चित्राच्या फाइलने मजकुराच्या भांडणापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी दारावर चार बाइटांची चौकी बसवावी, ही गोष्टच हे भांडण क्षुल्लक नसल्याचा पुरेसा पुरावा आहे.

आपोआप होणाऱ्या बदलाची खोड अजूनही गेलेली नाही. अनेकांनी मिळून लिहिलेल्या प्रोग्रामांचा इतिहास ठेवणारी 'गिट' ही व्यवस्था लिनस टॉरवाल्ड्स याने २००५ साली रचली. तीत विंडोजवर फाइल घेताना जोडी घालावी आणि परत ठेवताना काढावी अशी एक तरतूद आहे. ती एकाने लावली आणि दुसऱ्याने लावली नाही की, एकही अक्षर न बदलता फाइलच्या सर्वच्या सर्व ओळी बदलल्याची नोंद होते. कोणती ओळ कोणी व का लिहिली हे सांगणारा इतिहास त्या एका नोंदीखाली दडपला जातो. जेथे फाइलवरून स्वाक्षरी किंवा ठसा काढला जातो तेथे तर एक बाइट अधिक झाला तरी सारे फसते: दोन प्रतींचा मजकूर अक्षरशः एक असूनही यंत्र त्या भिन्न आहेत असे सांगते, आणि यंत्राचे म्हणणे खरे असते. म्हणूनच 'ओपन पीजीपी' या पद्धतीत मजकूर म्हणून स्वाक्षरी करावयाची असल्यास आधी सर्व ओळी १३-१० ने संपवून घ्याव्यात असे सांगितले आहे. दोहोंपैकी कोणतेही चिन्ह चालेल, पण ते ठरलेले असावे, हे येथे ओळखले गेले आहे.

दुसरे एक मत असे की, लिहिणाऱ्याने काहीही लिहावे, वाचणाऱ्याने सर्व चालवून घ्यावे. इंटरनेटच्या आद्य रचनाकारांपैकी जॉन पोस्टेल यांनी १९८० साली, देताना काटेकोर असावे आणि घेताना उदार असावे, अशा अर्थाचे धोरण मांडले होते. मजकूर माणसाने वाचावयाचा असेल तर हे धोरण सर्वथैव योग्य आहे. १९९८ साली ठरलेल्या 'एक्सएमएल' या लेखनपद्धतीने तेच केले: जोडी असो वा एकटा १३ असो, वाचणाऱ्या प्रोग्रामने तो १० समजावा. नोटपॅडनेही हेच, पण फार उशिरा केले. तथापि या उदारतेस एक सीमा आहे, आणि ती डिसेंबर २०२३ मध्ये चांगलीच दिसून आली. इंटरनेटवरील टपाल १९८२ च्या नियमांनी चालते. त्यांनुसार प्रत्येक ओळ १३-१० या जोडीने संपली पाहिजे, आणि ज्या ओळीवर केवळ एक टिंब आहे तेथे पत्र संपते. काही टपाल-संगणक उदार होते. त्यांना एकट्या १० ने संपणाऱ्या ओळीही चालत, म्हणून तशा ओळीवरील टिंबालाही ते पत्राचा शेवट मानीत. दुसरे काही संगणक तोच भाग पत्राचा साधा मजकूर समजून पुढे पाठवीत. दोहोंच्या समजुतींत पडलेल्या या फटीतून एका पत्राच्या पोटात दुसरे बनावट पत्र, परक्याच्या नावाने आणि त्याच्या पत्त्याच्या पतीवर, पार धाडता येते असे संशोधकांनी उघड केले. पुढे प्रोग्राम दुरुस्त झाले. परंतु यातून निष्पन्न होते ते हे की, जेथे ओळीचा शेवट ही केवळ वाचकाची सोय आहे तेथे उदार राहावे. जेथे तो एका पत्राची किंवा एका नोंदीची सीमा ठरवितो तेथे उदारता म्हणजे कुंपणाला पाडलेले भगदाड होय.

भारतीय लिप्यांच्या संदर्भात या प्रश्नाला एक विशेष बाजू आहे, आणि तिची चर्चा क्वचितच होते. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली 'इस्की' ही संकेतावली प्रमाण म्हणून स्वीकारली. देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ इत्यादी लिप्यांतील समान ध्वनीच्या अक्षरांस तीत एकच संकेतांक आहे. कोणती लिपी दाखवावी हे २३९ क्रमांकाच्या एका चिन्हाने व त्यापुढील बाइटाने सांगावयाचे. या लिपी-बदलाचा अंमल कोठवर चालावा? तर पुढचा बदल येईपर्यंत, किंवा ओळ संपेपर्यंत. म्हणजे येथे ओळीचा शेवट ही कागदाची बाब राहिली नाही. ती लिपीची सीमा झाली. मराठी मजकुरात एक ओळ गुजराती लिपीत दिली, आणि वाचणाऱ्या प्रोग्रामला ओळीच्या शेवटाचे चिन्ह ओळखता आले नाही, तर पुढचा मराठी मजकूर गुजराती अक्षरांत दिसावयास हवा. युनिकोडच्या प्रसारानंतर इस्कीचा वापर मागे पडला. तरी त्या काळात साठविलेल्या कागदपत्रांचे रूपांतर ज्यांना करावयाचे आहे त्यांनी अक्षरांच्या तक्त्याइतकेच या अदृश्य चिन्हाकडे लक्ष दिले पाहिजे.

युनिकोडनेही हा तंटा तोडण्याचा यत्न केला. जुन्या चिन्हांचे अर्थ डागाळले आहेत हे पाहून त्याने दोन नवी चिन्हे दिली, एक ओळीच्या शेवटासाठी आणि एक परिच्छेदाच्या शेवटासाठी. कल्पना निर्दोष होती. पण ती वापरली फारच थोड्यांनी, आणि त्यामुळे दोन वादी होते तेथे चार झाले. जावास्क्रिप्ट या संगणक-भाषेत ही नवी चिन्हे अवतरणात आली तर प्रोग्राम मोडे. तो नियम २०१९ मध्ये बदलावा लागला. सर्वांनी सोडून द्यावे अशी अपेक्षा ठेवून आणलेली नवी रीत ही बहुधा आणखी एक जुनी रीत होऊन बसते.

तेव्हा नव्या चिन्हाचा शोध सोडून जे आहे त्यातील एक निवडणे हेच इष्ट, आणि साठविलेल्या मजकुरासाठी ते चिन्ह १० असावे. ते लहान आहे किंवा युनिक्सचे आहे म्हणून नव्हे, तर त्यात यंत्राच्या हालचालीची आज्ञा राहिलेली नसून 'ओळ संपली' एवढाच अर्थ उरला आहे म्हणून. टपालासारख्या ज्या व्यवहारांत जोडी नियमाने ठरली आहे तेथे ती राहू द्यावी; तेथे बाहेर पडताना प्रोग्रामने ती घालावी. वाचणाऱ्या प्रोग्रामांनी तिन्ही रीती ओळखाव्यात, परंतु मालकास विचारल्यावाचून कोणाही प्रोग्रामने फाइल बदलू नये. सरकारी खात्यांकडून आकडेवारीच्या ज्या फाइली लोकांस दिल्या जातात त्यांसोबत लिपीचा संकेत कोणता हे जसे सांगावयास हवे, तसेच ओळ कोणत्या चिन्हाने संपते व शेवटच्या ओळीनंतर ते आहे की नाही हेही सांगावे. हा शेवटचा तपशील फाजील वाटेल. पण युनिक्सच्या परंपरेत ते चिन्ह ओळ संपविणारे आहे, म्हणून अखेरच्या ओळीलाही हवे. विंडोजवरील पुष्कळ प्रोग्राम त्याला दोन ओळींमधले कुंपण समजतात, म्हणून अखेरीस ते लिहीत नाहीत. अशा फाइलीतील ओळी युनिक्सने मोजल्या तर एक कमी भरते. नोंदी मोजणाऱ्यास एक नोंद हरवणे ही लहान गोष्ट नसते.

शाळेच्या संगणक-कक्षात हे सारे पाच मिनिटांत दाखविता येते, आणि ते दाखवावे. नोटपॅडमध्ये पहिल्या ओळीवर 'आई' आणि दुसरीवर 'बाबा' एवढेच लिहून, दुसऱ्या ओळीनंतर कळ न दाबता, फाइल 'यूटीएफ-८' या संकेतात ठेवावी. या संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. 'आई'ची चिन्हे २, म्हणून ६ बाइट. 'बाबा'ची काने धरून चिन्हे ४, म्हणून १२. बेरीज १८, फाइलचा आकार मात्र २० बाइट दिसेल. मग तेच दोन शब्द लिनक्सवर 'व्हीआय' या संपादकात लिहून पाहावेत. तेथेही आकार २० च येतो, आणि विद्यार्थी म्हणतील की फरक तो काहीच नाही. त्यानंतर दोन्ही फाइलींतील बाइट अंकांत उघडून शेजारी शेजारी ठेवावेत. पहिल्या फाइलीतील दोन जादा बाइट, १३ व १०, 'आई' आणि 'बाबा' यांच्या मधोमध बसलेले आढळतील. दुसरीतील दोन्ही १० असून एक मध्ये आहे आणि एक अगदी शेवटी, 'बाबा'च्या पुढे, जेथे पडद्यावर काहीही दिसत नाही.